फ्रेंचांच्या इंग्रजीवर हसण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत फ्रेंच माणसांच्या इंग्रजीवर प्रसिद्ध झालेला खुसखुशीत लेख वाचून मीही हसले, हे आधीच कबूल करते. परगावी गेलेल्या फ्रेंच गृहस्थाने बायकोला इंग्रजीत 'यू मिस मी' असा निरोप धाडला आणि त्यावर लेखकाने 'काय हा आत्मविश्वास' असा शेरा मारला, तो भाग तर मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. लेखाचा निष्कर्ष मात्र मला पटला नाही. फ्रेंच माणसाला स्वतःच्या भाषेचा इतका ताठा असतो की इंग्रजी नीट शिकण्याची तो तसदीच घेत नाही, असे लेखकाचे म्हणणे आहे. फ्रेंच अभियंते आणि संशोधक यांनी इंग्रजीत लिहिलेले अहवाल, करारनामे आणि पत्रे तपासून देणे हा गेली १९ वर्षे माझा व्यवसाय आहे. या काळात ताठा मला अधूनमधून भेटला, नाही असे नाही. पण ज्या चुकांवर माझी पेन्सिल चालते, त्यांतल्या बहुतेकांच्या मुळाशी फ्रेंच व्याकरणाचा एखादा नियम असतो आणि लिहिणाऱ्याने तो इमानेइतबारे पाळलेला असतो.

'आय हॅव सीन हिम यस्टरडे' हे वाक्य घ्या. 'यस्टरडे' आले की पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही, हे शाळकरी मुलालाही माहीत असते, आणि तरीही इंग्रजीत वीस-वीस वर्षे काम केलेली फ्रेंच माणसे असे वाक्य सहज लिहून जातात. याचे कारण असे की, 'मी त्याला काल पाहिले' हे फ्रेंच माणूस 'झ ले व्यू इयेर' असे म्हणतो, आणि त्यात 'हॅव' या अर्थाचे सहायक क्रियापद व त्यापुढे 'सीन' या अर्थाचे धातुसाधित असते. म्हणजे रूप पाहावे तर थेट इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळाचे, आणि काम मात्र साध्या भूतकाळाचे. या रूपाला फ्रेंचमध्ये 'पासे कोंपोझे' म्हणतात. गंमत अशी की फ्रेंच भाषेतही एकेकाळी या दोन कामांसाठी दोन वेगळी रूपे होती. पोर-रोयाल या फ्रेंच मठाशी संबंधित विद्वानांनी १६६० साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात असे स्पष्ट सांगितले आहे की 'झेक्रिव्ही' ('मी लिहिले') हे साधे भूतकाळी रूप किमान एक दिवस उलटून गेलेल्या गोष्टीसाठीच वापरावे. काल लिहिले असेल तर ते चालेल, आज सकाळी लिहिले असेल तर चालणार नाही, तेथे 'झे एक्री' असेच म्हणावे. पुढे हे साधे रूप बोलण्यातून हद्दपार झाले आणि कथा-कादंबऱ्या व इतिहासग्रंथ यांत जाऊन बसले. आजच्या फ्रेंच माणसाच्या जिभेवर काल, परवा आणि आत्ता या सर्वांसाठी एकच रूप उरले आहे, आणि तेच तो इंग्रजीत घेऊन येतो. मी माझ्या लेखकांना काळाची व्याख्या सांगत बसत नाही. मसुद्यात कोठेही साल, वार किंवा 'अगो' दिसले की त्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढावे आणि मग त्याच वाक्यात 'हॅव' लपले आहे का ते शोधावे, एवढेच सांगते. ही युक्ती व्याख्येपेक्षा जास्त लागू पडते.

याच्या उलट बाजूची चूक 'दप्वी' या शब्दामुळे होते. 'मी येथे तीन वर्षांपासून राहतो' हे फ्रेंचमध्ये 'झाबित इसी दप्वी त्र्वाझाँ' असे होते. त्यात क्रियापद वर्तमानकाळी असते, कारण राहणे अजून चालूच आहे. शब्दाला शब्द ठेवला की इंग्रजीत 'आय लिव्ह हियर सिन्स थ्री इयर्स' होते. येथे मराठी वाचकाने हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे, कारण आपले 'पासून' हुबेहूब 'दप्वी'सारखे वागते: 'सोमवारपासून' आणि 'तीन वर्षांपासून' या दोन्हींना एकच शब्दयोगी अव्यय, आणि पुढे वर्तमानकाळ. इंग्रजी मात्र आरंभबिंदूला 'सिन्स' लावते, कालावधीला 'फॉर' लावते आणि क्रियापदाला 'हॅव' जोडते. ही तारेवरची कसरत फ्रेंचांना जितकी अवघड जाते तितकीच आपल्यालाही जाते.

खरी अडचण होते ती अर्धे शिकलेल्याची. 'सिन्स' चुकते हे कळल्यावर तो 'फॉर' वापरू लागतो, पण काळ तसाच ठेवतो आणि लिहितो, 'आय अ‍ॅम हियर फॉर टू वीक्स'. वाक्य तपासून पाहा, व्याकरणात तसूभरही खोट नाही. फक्त त्याचा अर्थ 'माझा मुक्काम दोन आठवड्यांचा आहे' असा होतो. माझ्या ओळखीच्या एका अभियंत्याने परदेशातील प्रकल्पावर पोचल्यानंतर पंधरवड्याने तेथील यजमानांना नेमके हेच वाक्य लिहिले. त्याला म्हणायचे होते की मला येऊन दोन आठवडे झाले, आता बैठका सुरू करू या. यजमानांनी समजूतदारपणे तीन महिन्यांच्या सगळ्या बैठका पुढच्या दहा दिवसांत कोंबल्या आणि तसे वेळापत्रक त्याला पाठवून दिले. तो ते वेळापत्रक घेऊन माझ्याकडे आला तेव्हा चूक आपली आहे हे त्याला मान्यच नव्हते, आणि वाक्य वाचून पाहिल्यावर पहिल्या मिनिटाला मलाही ती सापडली नाही.

भविष्यकाळाच्या बाबतीत एक विचित्र प्रकार आढळतो. 'आय विल कॉल यू व्हेन आय विल अराइव्ह' अशी दोनदा 'विल' असलेली वाक्ये फ्रेंच माणूस नेहमी लिहितो, पण 'इफ'च्या बाबतीत तो सहसा चुकत नाही. फ्रेंचमध्ये 'काँ', म्हणजे 'जेव्हा', याच्यापुढे भविष्यकाळ येतो, तर 'सी', म्हणजे 'जर', याच्यापुढे वर्तमानकाळ येतो; त्यामुळे एका ठिकाणी त्याची मातृभाषा त्याला खड्ड्यात घालते आणि दुसऱ्या ठिकाणी तीच वाचवते. आळशी विद्यार्थी दोन्हीकडे चुकला असता.

आता शब्दक्रमाकडे वळते. 'आय स्पीक व्हेरी वेल इंग्लिश' हे वाक्य मी नोकरीच्या अर्जांत किती वेळा वाचले असेल याची गणतीच नाही, आणि त्या वाक्यातला विरोधाभास अर्जदाराच्या सहसा लक्षात येत नाही. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषणाला शिरकाव नसतो. फ्रेंचमध्ये मात्र ते नेमके तेथेच बसते. क्रियापद क्रियाविशेषणाला ओलांडून पुढे सरकते आणि इंग्रजी क्रियापद तसे सरकत नाही, अशी या फरकाची मांडणी झाँ-इव्ह पोलॉक या भाषाशास्त्रज्ञांनी १९८९ साली केली. त्यानंतर कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या लिडिया व्हाइट यांनी तेथील क्युबेक प्रांतातल्या पाचवी-सहावीच्या फ्रेंचभाषक मुलांवर केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. तो मला आपल्या लेखकाने जरूर वाचावासा वाटतो. ज्या मुलांना क्रियाविशेषणाची जागा वर्गात मुद्दाम शिकवली, त्यांच्या चुका झपाट्याने कमी झाल्या. न शिकवलेली मुले 'क्रियापद, क्रियाविशेषण, कर्म' हा फ्रेंच क्रम तसाच चालवत राहिली. येथवर अपेक्षेप्रमाणेच झाले. पण वर्षभराने शिकवलेल्या मुलांपैकी काहींची पुन्हा चाचणी घेतली तेव्हा ती सुधारणा जवळजवळ पुसली गेलेली होती. दहा-अकरा वर्षांच्या मुलांमध्ये भाषेचा ताठा असतो, असे निदान मला तरी म्हणवणार नाही.

'हिज' आणि 'हर' यांचा गोंधळ मराठी वाचकाला सर्वांत सोप्या रीतीने समजावून सांगता येतो, किंबहुना मराठीइतकी चांगली भिंगाची काच या प्रश्नासाठी दुसरी मिळणार नाही. आपण 'त्याची आई', 'तिची आई', 'तिचा मुलगा' असे म्हणतो तेव्हा शब्दाचा पुढचा भाग, म्हणजे 'त्या' किंवा 'ति', मालक पुरुष आहे की स्त्री ते सांगतो आणि मागचा भाग, म्हणजे 'चा', 'ची' किंवा 'चे', मालकीच्या वस्तूचे लिंग सांगतो. इंग्रजीने यातला पहिला अर्धा भाग ठेवला, दुसरा टाकला. फ्रेंचने नेमके उलटे केले. 'सा मेर' म्हणजे त्याची आई किंवा तिची आई. 'सा' हे आईच्या स्त्रीलिंगामुळे येते, मालकाशी त्याला काही कर्तव्य नाही. म्हणून पॉलने आपल्या आईला फोन केला हे सांगताना फ्रेंच माणूस 'पॉल कॉल्ड हर मदर' असे लिहितो, आणि वाचणारा ही कोणा तिसऱ्याच बाईची आई म्हणून कोड्यात पडतो. एका वैद्यकीय अहवालात स्त्री रुग्णाच्या नवऱ्याबद्दल लिहिताना सगळीकडे 'हिज हजबंड' पडले होते. 'मेज कोणाचे?' असे विचारण्याऐवजी 'मेज कोणत्या लिंगाचे?' असे विचारण्याची मनाला जी आयुष्यभराची सवय लागलेली असते, ती एका तासिकेत सुटत नाही.

'ही स्पीक' असे 'एस'विना बोलणाऱ्याला आपण अडाणी ठरवतो. फ्रेंच क्रियापदाला प्रत्यय भरपूर असतात, पण ते लिहिण्यापुरते. 'पार्ले', म्हणजे बोलणे, या क्रियापदाची मी, तू, तो आणि ते या चारही कर्त्यांची रूपे उच्चारात एकसारखीच, 'पार्ल'. अनेकवचनाचेही तसेच. 'ला मेझों' म्हणजे एक घर आणि 'ले मेझों' म्हणजे अनेक घरे. अनेकवचन कानाला कळते ते 'ला'चे 'ले' झाल्यामुळे, नामाच्या शेवटी लिहिलेला 'एस' कोणी उच्चारत नाही. शेवटचा 'एस' हा केवळ शुद्धलेखनाचा विषय आहे असे ज्याच्या कानाने जन्मभर मानले, त्याच्या बोलण्यातून तो गळणारच. लिहिताना मात्र हाच माणूस नको तेथे 'एस' लावून ठेवतो, कारण फ्रेंचमध्ये विशेषणालाही वचन लागते: 'द अदर्स स्टुडंट्स', 'डिफरंट्स मेथड्स'.

'इन्फर्मेशन्स' आणि 'अ‍ॅडव्हायसेस' ही अनेकवचनेही फ्रेंचमधूनच येतात. आपण 'माहित्या' म्हणत नाही म्हणून पहिले आपल्याला खटकते, इतकेच. 'माय हेअर्स'वर हसण्याचा मात्र आपल्याला अधिकार नाही, कारण मराठीतही केस पांढरेच होतात, पांढरा होत नाही. शब्दयोगी अव्ययांबद्दल फार लिहीत नाही. 'डिपेंड ऑफ', 'पार्टिसिपेट टु', 'डिस्कस अबाउट', 'लिसन म्युझिक' ही सर्व फ्रेंच क्रियापदांची सवय आहे, ती पाठांतराने जाते आणि तिच्यामुळे कोणाचा गैरसमज होत नाही. उपपदांचेही बहुतांशी तसेच: 'द लाइफ इज ब्युटिफुल' मध्ये एक जास्तीचे, 'शी इज डॉक्टर' मध्ये एक कमी. ज्यांच्या भाषेत उपपदच नाही अशा आपण यावर बोलू नये हे बरे.

संशोधनपर लेखनात एक चूक इतकी रुजलेली आहे की लेखकाचे नाव झाकून ठेवले तरी तो फ्रेंच असल्याची मला शंका येते. 'धिस मेथड अलाउज टु मेझर द प्रेशर'. फ्रेंचमधील 'पेर्मेत्र' हे क्रियापद 'या पद्धतीने दाब मोजता येतो' एवढेच सांगते. कोणाला मोजता येतो ते सांगण्याची गरज त्याला नाही, आपल्या 'मोजता येतो'लाही नाही. इंग्रजी 'अलाउ' मात्र 'कोणाला?' असा प्रश्न विचारून अडून बसते. तेथे 'अस' घालावे लागते, नाहीतर वाक्यच बदलावे लागते.

संपादक महोदय, आपल्या व्यवसायाशी सर्वांत जवळचा मुद्दा मी शेवटी ठेवला आहे. फ्रेंच वृत्तपत्रांत संकेतार्थी रूपाचा एक खास उपयोग केला जातो. 'ल मिनिस्त्र ओरे देमिस्योने' असे छापून आले तर त्याचा अर्थ 'मंत्र्यांनी म्हणे राजीनामा दिला' किंवा, आपल्या वृत्तपत्रीय भाषेत, 'राजीनामा दिल्याचे समजते' असा होतो. बातमी ऐकीव आहे, आम्ही तिची हमी देत नाही, हे सांगण्यासाठी फ्रेंच बातमीदाराला वेगळा शब्द लागत नाही. क्रियापदाचे रूपच ती जबाबदारी झटकते. हेच वाक्य त्याने इंग्रजीत 'द मिनिस्टर वुड हॅव रिझाइन्ड' असे उतरवले की ते 'मंत्र्यांनी राजीनामा दिला असता' असे होते, म्हणजे दिला नाही. अर्थ नुसता बिघडत नाही, तो उलटा होतो. मी एकदा एका अपघाताचा प्राथमिक अहवाल तपासत होते. त्यात एका झडपेबद्दल 'द व्हाल्व्ह वुड हॅव बीन क्लोज्ड' असे लिहिलेले होते. लेखकाला म्हणायचे होते की झडप बंद होती असे कामगार सांगतो, आम्ही अजून पडताळलेले नाही. इंग्रजी वाचणारा तज्ज्ञ मात्र झडप उघडीच राहिली असे समजून चालला होता आणि त्याने त्या गृहीतकावर पुढची चार पाने लिहूनही टाकली होती. तेथे 'रिपोर्टेडली' हा एक शब्द घातला असता तर ती चार पाने लिहावीच लागली नसती. कोणत्याही व्याकरणनियमांच्या पुस्तकाला ही चूक पकडता येणार नाही, संगणकाच्या शुद्धलेखन तपासनिसालाही नाही, कारण वाक्य इंग्रजी म्हणून निर्दोष आहे. ती पकडायला फ्रेंच यावे लागते.

शब्दांच्या बाबतीतही हेच घडते, जरी तो व्याकरणाच्या थोडा पलीकडचा प्रांत झाला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले तेव्हापासून इंग्रजीने फ्रेंच शब्द पोत्यांनी उचलले, आणि उचलल्यावर त्यांचे अर्थ आपल्या सोयीने फिरवले. 'एव्हाँत्युएलमाँ' म्हणजे 'झालेच तर, कदाचित'; इंग्रजी 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'अखेरीस, होणार हे नक्की'. करारनाम्यात 'वी विल इव्हेंच्युअली पे द डॅमेजेस' असे लिहिणाऱ्या फ्रेंच कंपनीने भरपाईचा केवळ विचार करू म्हटलेले असते आणि समोरच्या वकिलाच्या हाती लेखी कबुली पडते. अशा वाक्यांवर विनोदी लेख होत नाहीत, कारण ती वाचताना कोणाला हसू येत नाही. थट्टेच्या वाट्याला येतात त्या निरुपद्रवी चुका, आणि आपल्या लेखकाने निवडलेली जवळजवळ सर्व उदाहरणे त्याच जातीची होती.

लेखकाच्या निदानाविरुद्ध माझा मुख्य आक्षेप यातूनच येतो. चूक ताठ्यामुळे होते असे मानले की उपाय म्हणून उपदेश आणि लाल शाई एवढेच उरते. ती कोणत्या फ्रेंच वाक्यातून आली हे माहीत असले तर शिकवणारा ते फ्रेंच वाक्य फळ्यावर इंग्रजी वाक्याच्या शेजारी लिहू शकतो आणि दोन्हींमध्ये बोट ठेवण्याजोगी जागा दाखवू शकतो. मी असे करते, आणि तरीही 'आय स्पीक व्हेरी वेल इंग्लिश' मला दर महिन्याला भेटते; तेव्हा माझ्या उपायाला फार यश आले आहे असा दावा मी करत नाही.

राहता राहिला तो बायकोला निरोप धाडणारा गृहस्थ. फ्रेंचमध्ये त्याने 'त्यू म माँक' असे म्हटले असते. त्यात 'तू' कर्ता आहे आणि 'म' म्हणजे 'मला': तू मला उणी भासतेस, तुझ्यावाचून मला चुकल्याचुकल्यासारखे होते. इंग्रजीत उतरताना त्याने कर्ता जागचा हलवला नाही, म्हणून 'तुला माझी आठवण येते' असे उलटे वाक्य झाले. ज्यांच्या भाषेत आठवण 'मी' करत नाही, ती 'मला' येते, त्या मराठी वाचकांना या वाक्यात आत्मविश्वास दिसू नये, अशी माझी अपेक्षा होती. आपल्या लेखकाने शक्य झाल्यास तेवढा शेरा मागे घ्यावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक अनुवादक वाचक